दारातून येणारा माणूस

नाटक शिकवायलाही परवाना लागतो हे मला मुलीमुळे कळलं. ती त्याला प्रमाणपत्र म्हणायची. मी परवानाच म्हणते, कारण तो नसेल तर हायस्कुलात नाटकाचा तास घेऊ देत नव्हते. तिचं बी.एड. झालं होतं. बदलापूरच्या एका हायस्कुलानं तोंडी कबूल केलं होतं, की जूनपासून आठवी-नववीला नाटकाचा तास सुरू करतोय, तेवढा कागद आणा आणि कामावर या. कागदासाठी एक वर्षाचा वर्ग होता. वेगवेगळ्या शाळांत जाऊन तीस पाठ घ्यायचे, प्रत्येक पाठाचं टाचण लिहायचं, म्हणजे कुठल्या मिनिटाला काय करणार ते आधी कागदावर मांडायचं, आणि शेवटी एक मोठा पाठ बाहेरून आलेल्या परीक्षकासमोर. या शेवटच्या पाठाला दोनच संधी. पहिली तिनं अंबरनाथला घालवली.

तिथं नक्की काय झालं ते तिनं तेव्हा सांगितलं नाही. एवढंच कळलं की तिनं फळ्यावर पाठाचं नाव लिहिलं, वर्गाकडे वळली आणि तिचा आवाज बंद झाला. पोरं आधी गप्प बसली, मग कुजबुजली, मग हसायला लागली. परीक्षकानं थोडा वेळ वाट पाहिली आणि वही मिटली. घरी येऊन ती जेवली, भांडी घासली, झोपली. मी विचारलं, घसा बसला होता का. नाही म्हणाली. मग मी पुढं विचारलं नाही. ज्याला बोलायचं नाही त्याला खोदून विचारायची मला सवय नाही.

ही नव्वद सालानंतरची गोष्ट. आम्ही दोघी बदलापुरात हेंद्रेपाड्याला राहायचो. मी चौथी शिकलेली, उल्हासनगरच्या एका मराठी हायस्कुलात शिपाईबाई. झाडणं, पाणी भरणं, वर्ग उघडणं, लावणं आणि घंटा देणं. घंटा म्हणजे व्हरांड्यात टांगलेला रुळाचा तुकडा. शाळा कॅम्पातल्या जुन्या लष्करी बराकीत होती. लांबच लांब एकच इमारत, उतरतं छप्पर, मध्ये लाकडी फळ्या ठोकून वर्ग पाडलेले. फळ्या छपरापर्यंत पोचत नव्हत्या, त्यामुळे एका वर्गात बोललेलं तिसऱ्या वर्गात ऐकू यायचं, आणि मधल्या वर्गात यायचं नाही. प्रत्येक वर्गाला दोन दारं, एक फळ्याजवळ, एक शेवटच्या बाकांशी. लष्कर गेल्यावर तिथं सिंधी निर्वासित राहिले होते, ते आपापल्या घरांत गेल्यावर शाळा आली. भिंतींवर त्यांच्या चुलींचा काळा डाग होता. चुना मारला तरी दोन महिन्यांत परत वर यायचा. शिक्षक त्यावरून काहीबाही बोलायचे, संध्याकाळी एकटे मागच्या वर्गात जायचे नाहीत. मी रोज पहाटे येऊन एकटी कुलूप काढत होते. मला कधी काही दिसलं नाही. दिसलं असतं तरी झाडून तर घ्यावंच लागलं असतं.

मी मुख्याध्यापकांना सांगितलं, मुलीची दुसरी संधी आपल्या शाळेत घेऊ द्या. ते बरे होते. नववीचा वर्ग दिला, आणि रविवारी दुपारी शाळेत येऊन सराव करायचीही परवानगी दिली. किल्ली माझ्याकडेच होती.

तिच्या पाठाचं नाव होतं, ‘दारातून येणारा माणूस’. एका मुलानं बाहेर जायचं आणि रोजच्या बघण्यातल्या कुणाच्या तरी चालीनं आत यायचं. आत येऊन त्या माणसाचं एखादं वाक्य बोलायचं. वर्गानं ओळखायचं. कुणाच्या व्यंगाची टिंगल करायची नाही. आणि शेवटी भूमिका उतरवायची. ही उतरवायची पायरी त्यांच्या शिकवण्यात फार मोठी होती. मुलानं सगळ्यांसमोर म्हणायचं, मी अमुक नव्हतो, मी तमुक आहे, आणि स्वतःचं पूर्ण नाव सांगून जागेवर बसायचं. ते न करता मूल बसलं तर शिक्षकाचे गुण जायचे. मला हा सगळा पोरखेळ वाटला. मी म्हटलंही, की दुसऱ्यासारखं चालायला लोक पोरांना शाळेत पाठवतात का. ती म्हणाली, तू फक्त बाकावर बस आणि सांगते तसं कर, वर्गात निदान एक तरी माणूस पाहिजे.

पहिल्या रविवारी ती फळ्यासमोर उभी राहिली आणि आवाज निघेना. समोर रिकामी बाकं आणि मी. पंधरा-वीस मिनिटं ती टाचणाचा कागद हातात धरून उभी. बाहेर रस्त्यावर टेम्पोत कापडाचे तागे चढवत होते, त्यांचं ओरडणं तेवढं ऐकू येत होतं. शेवटी तिनं हातानं खूण केली, दाराकडे. म्हणजे मी बाहेर जाऊन कुणीतरी होऊन यायचं. कोण, असं मी विचारलं. ओठांतल्या ओठांत म्हणाली, कोणीही कर, भाजीवाला कर.

मी फळ्याजवळच्या दारानं बाहेर गेले. भाजीवाला कसा चालतो ते मला आठवेना. मी कुणाकडे बघत बसणारी बाई नाही. ज्याला दारातून येताना वर्षानुवर्षं बघितलं असा एकच माणूस मला पाठ होता. म्हणून मी नवरा केला. त्यात प्रेमाबिमाचा काही भाग नव्हता. सोपं होतं म्हणून केलं.

तो चपला बाहेर काढायचा. एक पाऊल दुसऱ्या पोटरीला पुसायचा, मग दुसरं. मग डावा हात खांद्याच्या वर चौकटीला लावून दारातच उभा राहायचा. नजर एकेकावर न्यायचा, ओठ हलायचे. आणि मग म्हणायचा, “एक कमी आहे.”

हे त्याचं कसं सुरू झालं ते सांगते. तो अंबरनाथला एका रसायनांच्या कारखान्यात मुकादम होता. टाकी धुवायला कंत्राटी माणसं आत उतरायची. किती उतरली आणि किती वर आली हे मोजायचं काम त्याचं. एके दिवशी नऊ उतरली. वर आलेला एक जण पाणी प्यायला गेला आणि परत येऊन रांगेत उभा राहिला, ह्यानं त्याला दोनदा मोजलं. नऊ झाली म्हणून झाकण लावलं. नववा टाकीत होता. कारखान्यानं कागदावर दोष कुणालाच दिला नाही, मेलेल्याच्या घरी काही पैसे दिले, विषय संपला. ह्याचा संपला नाही. त्या दिवसापासून तो कुठल्याही खोलीत शिरताना माणसं मोजायचा आणि दर वेळी एक कमी भरायचं. घरात आम्ही चौघं होतो. माझी सासू तेव्हा होती. ती विचारायची, “अरे, तू स्वतःला धरलंस का?” तो म्हणायचा, “धरलं.” मग जेवायला बसायचा. मुलगी लहान होती, तिला वाटायचं तो खेळ आहे, तीही कॉटखाली वाकून बघायची. पुढं तो छातीच्या दुखण्यानं गेला. तेव्हा ती बारा वर्षांची होती.

तर मी त्या रविवारी चपला काढल्या, पाय पुसले, हात लावला आणि मोजलं. रिकाम्या वर्गात मोजायला ती एकटीच होती. मी म्हटलं, “एक कमी आहे.”

ती पांढरी पडली. मला वाटलं आता बोलेल, आई हे काय केलंस. पण तिनं शेवटच्या बाकाकडे बोट केलं आणि म्हणाली, बसा. मी जाऊन बसले, त्याच्यासारखीच, एक पाय वर घेऊन. आणि तिचा आवाज निघाला. साधा, मोकळा. तिनं सगळा पाठ पहिल्यापासून शेवटपर्यंत घेतला, कुठंही न अडखळता. मला त्यातलं अर्धं कळलं नाही, पण आवाज शेवटच्या बाकापर्यंत येत होता.

पाठ संपल्यावर म्हणाली, आता उतरव. काय उतरवू? तर म्हणे, म्हण, मी अमुक नव्हते, मी तमुक आहे. म्हणजे नवऱ्याचं नाव घ्यायचं. मी नाही म्हटलं. आमच्याकडे धर्म बदलला, घरातले देव गेले, सासूनं स्वतःच्या हातानं ते पोत्यात भरले. पण नवऱ्याचं नाव घ्यायची लाज काही त्या पोत्यात गेली नाही. लग्नात उखाण्यात एकदा घेतलं तेवढंच. तो गेल्यावर कारखान्याच्या ऑफिसात नाव विचारलं की मी पोरीला पुढं करायचे, ती बारा वर्षांची पोर खिडकीत तोंड घालून बापाचं नाव सांगायची. हे तिला माहीत होतं. तिनं आणखी आग्रह धरला नाही. टाचणात भूमिका उतरवणे असं लिहिलं होतं, त्यापुढं तिनं बरोबरची खूण केली आणि आम्ही कुलूप लावून निघालो. ही चूक झाली, हे मी आज सांगते. तेव्हा मला वाटलं, दोन शब्द न बोलल्यानं काय होणार आहे.

पुढच्या रविवारी मी भाजीवाला करून बघितला. ओझं घेतल्यासारखी वाकून आले. तिचा आवाज बंद. मी परत बाहेर जाऊन नवरा होऊन आले, आवाज आला. मग तेच ठरून गेलं. आठ रविवार मी तो होऊन त्या दारातून आत आले. आला की ती बसा म्हणायची, आणि सुरू करायची. जिवंत असताना तो तिच्या शाळेत एकदाही गेला नव्हता. आता शेवटच्या बाकावर बसून सगळं ऐकायचा. मला काय, मी आठवडाभर झाडून, पाणी भरून थकलेली असायचे, बसायला मिळायचं. पाठ कुठं संपतो ते मला कधी कधी कळायचं नाही. ती खांद्याला हात लावून उठवायची. माझे डोळे उघडे असायचे, असं ती सांगायची.

पाचव्या का सहाव्या रविवारी तिनं फळ्याकडे तोंड ठेवूनच विचारलं, “कळलं का, बाबा?”

आणि मी म्हटलं, “हं.”

तो हं माझा नव्हता असं मी म्हणणार नाही. माझ्याच घशातून निघाला. पण तो मी काढायचा म्हणून काढला नव्हता. तिच्या हातातला खडू थांबला. मग तिनं राहिलेलं अक्षर पूर्ण केलं. त्याच वेळी दोन वर्ग पलीकडून, रिकाम्या वर्गातून, तसाच एक हं आला. बराकीत आवाज असेच फिरायचे, ते मी वर सांगितलंच आहे. तरीही त्या दिवशी मी तिकडचं दार लावायला गेले नाही. सोमवारी पहाटे गेले. आत बाकंच होती.

शाळेच्या समोर कापडाच्या चिंध्या विकणारं एका सिंधी म्हाताऱ्याचं दुकान होतं. फरशी पुसायला मी त्याच्याकडून चिंध्या घ्यायचे. त्याला मराठी समजायचं, बोलायचा हिंदीत. एकदा चिंध्या मोजून देताना म्हणाला, “माई, इतवार को आपके साथ कौन आदमी आता है? अंदर गिनती करता रहता है.”

मी म्हटलं, कोणी येत नाही, मी आणि मुलगी.

“मैं बहरा नहीं हूँ,” तो म्हणाला. “एक, दो, तीन. फिर बोलता है, एक कम. किसका माल गिनते हो?”

मी चिंध्या घेतल्या आणि आले. मी तर ओठांतल्या ओठांत मोजायचे, नवऱ्यासारखं. रस्त्यापलीकडे ऐकू जाईल असं मी कधी मोजलं नव्हतं. निदान मला तसं आठवत नव्हतं. घरी मी मुलीला विचारलं, मी मोठ्यानं मोजते का. ती म्हणाली, “तुला ऐकू येत नाही?”

मग मी रविवार बंद केले. तेव्हा पाठाला दोन आठवडे होते. भांडण झालं. ती म्हणाली, आणखी दोनच रविवार, तुझं काय जातंय, नुसतं बसायचं तर आहे.

“मला माझा घसा परत पाहिजे,” मी म्हटलं.

“आणि माझा?”

“तुझा तू काढ. समोर चाळीस जिवंत पोरं असणार आहेत, त्यांच्याशी बोलायची सवय कर.”

“तू पगारावर आहेस, आई. माझी ही शेवटची संधी आहे.”

मी भाकरी थापत होते, थापत राहिले. तिचं म्हणणं खोटं नव्हतं. कागद हातात नसेल तर बदलापूरचे लोक जूनमध्ये दुसरं कुणी घेणार होते, आणि पुतणीचं लग्न कधी करता म्हणून गावाकडून तिच्या काकांची दोन पत्रं येऊन पडली होती. पण मी गेले नाही. त्या दोन रविवारी ती एकटीच कुठंतरी जाऊन आली. कुठं, ते मी विचारलं नाही.

पाठाचा दिवस आला. सकाळचे तास होते. पटावर चाळीस मुलं, चाळीसही हजर पाहिजेत म्हणून दोघांना मी घरी जाऊन उठवून आणलं होतं. परीक्षक वयस्कर, सर्दी झालेला, हातात रुमाल. तो आणि मुख्याध्यापक मागच्या कोपऱ्यात खुर्च्यांवर बसले. पाठ पस्तीस मिनिटांचा. माझ्या घंटेवर सुरू आणि माझ्या घंटेवर बंद. मी घंटा देऊन आले आणि पाण्याचा तांब्या घेऊन मागच्या दारात उभी राहिले.

तिनं फळ्यावर नाव लिहिलं आणि वळली. आवाज निघाला. बारीक होता, पण होता. एका मुलाला बाहेर पाठवलं, तो कुल्फीवाला होऊन आला. वर्गानं ओळखलं, त्यानं भूमिका उतरवली, नाव सांगितलं, बसला. एक जण बस कंडक्टर होऊन आला, तोही उतरला. परीक्षक लिहीत होता. मी मनात म्हटलं, निभावलं.

मग तिनं एका मुलीला उठवलं. ही मुलगी वर्षभर कुणाशी बोलली नसेल. हजेरीला सुद्धा नुसता हात वर करायची. तिला का उठवलं, तर टाचणात लिहिलं होतं, अबोल विद्यार्थ्यास संधी देणे. ती फळ्याजवळच्या दारानं बाहेर गेली.

आम्ही वाट बघितली. बाहेर चपला काढल्याचा आवाज झाला. मग ती दारात आली. एक पाऊल दुसऱ्या पोटरीला पुसलं. मग दुसरं. डावा हात खांद्याच्या वर चौकटीला लावला आणि तिथंच उभी राहिली. तिची नजर पहिल्या बाकापासून निघाली आणि एकेका डोक्यावरून पुढं सरकायला लागली. ओठ हलत होते.

 ही पोर नवरा गेला तेव्हा तीन-चार वर्षांची असेल, आणि राहायची इथंच कॅम्पात. तिनं त्याला बघायचा प्रश्नच नव्हता. शेवटच्या बाकापर्यंत मोजून झाल्यावर ती बोलली. वर्षभरात त्या वर्गानं तिचा आवाज पहिल्यांदा ऐकला.

“एक कमी आहे.”

सगळा वर्ग हसला. नुसता हसला नाही, बाकं वाजवून हसला. मावशी, मावशी, असं सगळी एकदम म्हणायला लागली, आणि सगळी मागं वळून माझ्याकडे बघायला लागली. मुख्याध्यापकही हसत माझ्याकडे बघत होते. मला आधी समजेना की मला का बघतात. मग मी स्वतःकडे बघितलं. तांब्या उजव्या हातात होता. डावा हात खांद्याच्या वर, चौकटीला.

म्हणजे मी रोज हे करत होते. वर्ग लावायला येताना, पाणी द्यायला येताना, प्रत्येक दारात. पोरांनी ते इतक्या वेळा बघितलं होतं की त्यांना ती माझीच सवय वाटत होती. मी हात काढायला गेले. लगेच निघाला नाही. ओढून काढावा लागला, असं मला आठवतं.

माझ्या मुलीचा आवाज बंद झाला होता.

ती समोरच्या दारातल्या त्या पोरीकडे बघायची, मग मागच्या दारात माझ्याकडे. हसणं हळूहळू थांबलं. परीक्षकाचं पेन थांबलं. अंबरनाथला झालं तसंच सगळं चाललं होतं. मी मनात म्हटलं, गेली हीसुद्धा. आणि तेवढ्यात माझं त्या पोरीकडे लक्ष गेलं. तिला कुणी थांब म्हटलं नव्हतं, म्हणून ती थांबली नव्हती. हात चौकटीलाच. नजर परत पहिल्या बाकापासून निघाली होती. ओठ हलत होते. ती दुसऱ्यांदा शेवटापर्यंत आली आणि परत म्हणाली, एक कमी आहे. या वेळी कुणी हसलं नाही. तिसऱ्यांदा मोजायला लागली तेव्हा तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण ओठ थांबत नव्हते. पहिल्या बाकावरच्या पोरांनी अंग चोरून घेतलं.

मग माझी मुलगी बोलली. बारीक आवाजात नाही. म्हणाली, “आता आपण सगळेच भूमिका उतरवू. एकेकानं उठायचं, पूर्ण नाव सांगायचं. दारातल्या मुलीकडे बघून सांगायचं.”

हे टाचणात नव्हतं. पहिल्या बाकावरचा मुलगा उठला, स्वतःचं नाव, बापाचं नाव, आडनाव सांगितलं, बसला. दुसरा उठला. दारातली पोर एकेकाकडे बघत होती. नावं पुढं जात राहिली. दहा झाली, वीस झाली. वर्गात नावांशिवाय कसलाही आवाज नव्हता, आणि पलीकडचे दोन वर्गही गप्प झाले होते, ऐकत असावेत. मी दारात उभी. पस्तीस मिनिटं केव्हाच झाली असणार हे मला माहीत होतं. घंटा द्यायला पाय निघाला नाही. मुलीसाठी मुद्दाम थांबले असं नंतर काही जण म्हणाले. तसं काही नाही. नावं चालू असताना मला तिथून हलता येत नव्हतं, एवढंच.

एकोणचाळीस झाली. मुलगी दाराजवळ गेली. त्या पोरीचा हात तिनं स्वतः ओढून काढला नाही, नुसती समोर उभी राहिली. पोरीनं हात खाली घेतला आणि म्हणाली, मी शाळेच्या मावशी नव्हते, आणि स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं. मग जागेवर जाऊन बसली आणि तोंड पुसलं.

मला वाटलं संपलं. मुलगी वर्गाकडे वळली आणि म्हणाली, “मी पटावर नाही. तरी सांगते.” आणि तिनं तिचं पूर्ण नाव सांगितलं. स्वतःचं, मग बापाचं, मग आडनाव. मधलं नाव तिनं पोरांसारखं भरभर नाही सांगितलं. सावकाश सांगितलं, मागच्या दाराकडे बघून.

मी गेले आणि घंटा दिली. अकरा मिनिटं उशिरा.

परीक्षकाला चहा मीच नेला. तो माझ्याकडे बघून म्हणाला, “तुमची नक्कल बरी करते हो ती मुलगी.” मी हो म्हटलं. मुख्याध्यापकांना तो सांगत होता, की या शिकवणाऱ्या बाईंनी मध्ये जो थांबा घेतला तसा थांबा अनुभवी माणसालाही जमत नाही, वर्ग नुसता गोठवला. मुख्याध्यापकांनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी उशिरा घंटेबद्दल मला मेमो दिला. मी सही केली.

कागद मे महिन्यात पोस्टानं आला. पास, चांगल्या गुणांनी. मुलीनं तो दोनदा वाचला आणि ट्रंकेत ठेवला. मग तिनं अंबरनाथचं सांगितलं. तिथं वर्गाकडे वळल्यावर तिचा घसा बंद झाला नव्हता. ती पोरं मोजत होती. पटावर लिहिलेली सगळी हजर होती, तरी एक कमी भरत होतं, म्हणून परत मोजत होती. लहानपणापासून कुठंही गेलं की तिचं हे मनातल्या मनात चालायचं. मी दारात बाबा होऊन उभी राहिले की ते काम मी करायचे, आणि तिला बोलायला मोकळीक व्हायची.

“आता?” मी विचारलं.

“नावं घेतली की मोजणं सुरू होत नाही,” ती म्हणाली. “पण तू माझ्या शाळेत येऊ नकोस, आई. कधीच. तू दारात दिसलीस की परत सुरू होईल.”

मी ठीक आहे म्हटलं. यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नव्हतं. तिला पगार सुरू होणार होता.

जूनला ती कामावर रुजू झाली. मी उल्हासनगरला जात राहिले, ती तिच्या शाळेत. संध्याकाळी मी घरी येताना दारापाशी आले की ती आतल्या भिंतीकडे तोंड करून बसायची, मी आत येऊन पाणी प्यायले की मग वळायची.  तिनं दर वर्षी पोरांची नाटकं बसवली. कप मिळाले, पेपरात फोटो आला. मी एकही नाटक बघितलं नाही. शेजारच्या बायका विचारायच्या, लेकीचं नाटक आणि तुम्ही घरी? मी सांगायचे, मला कळत नाही त्यातलं.

पहिल्या वर्षीचं गॅदरिंग दुपारी होतं. शाळेनं मैदानात कर्णे लावले होते, ते आमच्या गल्लीपर्यंत ऐकू यायचे. मी मोरीशी बसून पातेली घासत होते. आधी खरखर झाली, मग तिचा आवाज आला. ती नाटकात काम करणाऱ्या मुलांची नावं सांगत होती, एकेक, पूर्ण. बरीच मुलं होती. मी हात थांबवून ऐकलं, कुठं अडते का ते. अडली नाही. शेवटचं नाव झालं आणि नाटक सुरू झालं, तशी मी राहिलेली पातेली घासायला घेतली.